अकराव्या दाराची रेघ

मावशी बुडाली कशी, याच्या रंगाऱ्याकडे एकूण नऊ तऱ्हा होत्या. सोमवारी ती देवमाशाच्या प्रेमात पडून बुडायची. मंगळवारी तिच्या पहिल्या मालकांनी समुद्रापलीकडून शीळ घातली म्हणून माघारी वळता वळता बुडायची. आणि शनिवारी, सलूनात गर्दी असली म्हणजे, जहाजावरच्या स्वयंपाक्याने सूप इतकं घट्ट केलेलं असायचं, की तो पळीने ढवळायला गेला तर पळी राहिली जागेवर आणि जहाजच तिच्याभोवती फिरायला लागलं, ते भोवऱ्यासारखं फिरत फिरत तळाला गेलं.

सलूनवाला वस्तरा हवेत धरून ऐकायचा. साबण गालावर वाळला तरी गिऱ्हाईक तक्रार करायचं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर पेपराआडून म्हणायचे, "अहो, गेल्या सोमवारी देवमासा नर होता, आज मादी झाली."

"बारा वर्षं झाली, मास्तर. तेवढ्यात माणसं पक्ष बदलतात, माशाचं काय घेऊन बसलात?"

"आणि तुमचा तो दोस्त? कडीबुवा?"

"तो आहे की. माशाच्या पाठीवर बसून गेला. एका बेटावर आहे सध्या. तिथल्या लोकांना दारं माहीत नव्हती, ह्याने लावायला शिकवली. राजा केलाय त्याला."

नऊच्या नऊ तऱ्हांत कडीबुवा वाचायचा. बाकी जहाज कसंही बुडो, तेवढा भाग कधी बदलला नाही. एक दहावी तऱ्हाही होती. तिच्यात मासा नव्हता, सूप नव्हतं आणि कडीबुवा वाचत नव्हता. ती रंगाऱ्याने कुणाला सांगितली नव्हती.

तर एका सकाळी, सलूनवाला रंगाऱ्याच्या हनुवटीपाशी पोचलेला असताना, दारात कडीबुवाची बायको येऊन उभी राहिली. पुरुषांच्या सलूनात बाई आलेली बघून मास्तरांनी पेपर उलटा धरला.

"भाऊजी, एक काम होतं," ती म्हणाली. "बंदरावर भिंत बांधतायत. कामावर असताना गेलेल्यांची नावं कोरणार आहेत. यांचं नाव घालत नाहीत म्हणून कागद आलाय. निष्काळजीपणाने गेले त्यांना त्या भिंतीवर जागा नाही, असा नियम आहे म्हणे."

रंगाऱ्याने साबणाआडून आरशातच बघितलं.

"नसू दे. मी म्हटलं, भिंत काय त्यांच्याकडेच आहे? माझ्या स्वयंपाकघरात आहे एक रिकामी. तुमचा हात चांगला. तिथं नाव रंगवून द्या."

"येतो की, वहिनी. आजच येतो," रंगारी म्हणाला. त्याच वेळी वस्तरा जरा घसरला. सलूनवाला आजवर शपथेवर सांगतो, की त्याचा हात हलला नव्हता. हनुवटीच हलली.

आता मावशीविषयी सांगायला हवं. मावशी ही युद्धनौका. दूरच्या एका आरमाराने तिला तीस वर्षं वापरली, आणि मग 'वापरलेली पण सुस्थितीत' अशी, लोक कपाट विकतात तशी विकली. इकडच्या आरमाराने घेतली, नवं नाव ठेवलं, नवा झेंडा लावला. पण तिचं माहेरचं नाव पाठीमागे लोखंडाच्या उठावदार अक्षरांत जोडलेलं होतं. रंगाऱ्याने त्यावर तीनदा रंग चढवला, तरी संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की ते वर यायचं. शेवटी खलाशांनी दोन्ही नावं सोडून दिली आणि तिला मावशी म्हणायला लागले. थकलेली, खोकणारी, आणि कुणाच्या ना कुणाच्या मदतीला सदा धावणारी, म्हणून मावशी.

तिच्यावरच्या सगळ्या पाट्या परक्या लिपीत. त्या बदलून होईपर्यंत पहिला महिना असा गेला, की कप्तानाने थंड पाण्याचा म्हणून नळ सोडला आणि उकडलेल्या बटाट्यासारखा टॉवेलावर बाहेर आला. तोफ डावीकडे वळवायची म्हटलं तर आधी उजवीकडे जाऊन विचार करून यायची. पण नऊ वर्षांत मावशीने तीन बोटींमधले कोळी वादळातून काढून आणले, पुरात अडकलेल्यांना ब्लँकेटं पोचवली, आणि चोरटा माल नेणाऱ्यांच्या मागे तर इतक्या हळू लागायची, की ते हसून हसून थांबायचे आणि सापडायचे. हे शेवटचं रंगाऱ्याच्या तोंडचं आहे, तेव्हा बेताने घ्यावं.

रंगारी तिच्यावर रंगाला होता. एका ठिकाणी खरवडून त्याने रंगाचे थर मोजले होते. चौदा निघाले. त्याचा हात सरळ रेघेसाठी प्रसिद्ध होता. पट्टी न लावता, जहाज हलत असताना, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी रेघ ओढायचा, की सुताराने मान खाली घालावी.

आणि कडीबुवा होता दारांवर. जहाज पोटात खणाखणांत वाटलेलं असतं. एका खणात पाणी शिरलं तर मधलं लोखंडी दार लावायचं, आठ कड्या आवळायच्या, म्हणजे पाणी तिथंच राहतं आणि जहाज तरंगतं. दाराच्या कडेने रबराची जाड पट्टी असते, ती चौकटीच्या धारेवर दाबून बसते. सगळा खेळ त्या रबराचा. अशी सतरा दारं कडीबुवाच्या ताब्यात होती. प्रत्येक दार तो तीनदा बघायचा. घरीसुद्धा कुलूप लावून रस्त्याला लागला, की दोनदा परत यायचा. वहिनी कोपऱ्यावर उभी राहून म्हणायची, "झालं का समाधान? की आत बसूनच राखण करतोस?"

त्याच्या खिशात सदैव खडू. चौकटीच्या धारेला खडू फासायचा, दार लावायचं, कड्या आवळायच्या आणि उघडायचं. रबरावर पांढरी रेघ उठते. रेघ अखंड असेल तर दार पाणी धरेल. मधे तुटली असेल, तर तेवढ्या जागेतून समुद्र आत येईल.

मावशीच्या नव्या नोकरीच्या दहाव्या वर्षी बडे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. रंगाऱ्याने सतराही दारं करड्या रंगात नवी कोरी केली. मग त्याला ते काळं रबर बोचायला लागलं. नव्या सदऱ्याला जुनी कॉलर. त्याने रबरावरही हात फिरवला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. काम सुंदर झालं. डब्यात थोडा रंग उरला, तो घेऊन तो कडीबुवाच्या घरी गेला. वहिनीने नुकताच कुणाचा तरी जुना फ्रीज घेतला होता, पिवळट पडलेला. तो त्याने करडा करून दिला. वहिनी म्हणाली, आता याच्यावर एक तोफ तेवढी बसवा.

दोन दिवसांनी कडीबुवा खडू घेऊन फिरला आणि तोंड पाडून आला.

"अरे, काय केलंस हे? रबराला रंग लावतात का? रंग वाळला की रबर दगड होतं. दबत नाही, भेगाळतं. सतराच्या सतरा दारांवर रेघ तुटतेय."

"मला काय माहीत? छान दिसतंय की."

"बुडतानाही छानच दिसेल. खरवडून काढ सगळं. मी वर कळवत नाही, तू निस्तर."

रंगाऱ्याने खरवडायला घेतलं. बोथट पात्याने, रबर न कापता, एका दाराला अर्धा दिवस. चौदा दारं झाली. बोटं सोलून निघाली. पाहणी दुसऱ्या दिवसावर आली, आणि नववं, अकरावं, सोळावं अशी तीन दारं राहिली. तेव्हा त्याने त्या तीन दारांच्या करड्या रबरावर काजळी फासून ते काळं केलं, खडू घेतला आणि त्यावर स्वतःच्या हाताने रेघ ओढली. पट्टी न लावता.

कडीबुवा तपासायला आला, तेव्हा रंगाऱ्याने दारं आवळून रेघा आधीच उठवून ठेवल्यात असं सांगितलं. अकराव्या दाराशी वाकून कडीबुवा म्हणाला, "एवढी सरळ? अशी रेघ मी जन्मात पाहिली नाही."

"दार चांगलं असेल," रंगारी म्हणाला.

कडीबुवा हसला. वहीत सतराही दारं बरोबर म्हणून लिहून त्याने खाली सही केली. रंगाऱ्याच्या मनात होतं, की पाहणी आटपली की ती तीन दारं खरवडू. पाहणी आटपली. मग खरवडू खरवडू म्हणता तीन आठवडे गेले.

सलूनात कबूल केल्याप्रमाणे, त्याच दिवशी संध्याकाळच्या आधी रंगारी वहिनीकडे पोचला. दोन कुंचले, काळ्या रंगाची डबी, आणि ओळ धरायला दोरा, जो त्याला बारा वर्षांपूर्वी लागत नसे. स्वयंपाकघराची भिंत तिने आधीच पुसून ठेवली होती. समोरच्या कोपऱ्यात तो करडा फ्रीज. त्याच्या दाराला खुर्ची टेकवलेली आणि खाली फडकं.

"खुर्ची कशाला?" त्याने विचारलं.

"दार नीट बसत नाही त्याचं. पाणी गळतं. जुनाच घेतलेला, चालायचंच."

रंगाऱ्याने पाठ फिरवली आणि भिंतीवर नाव रंगवायला घेतलं. नाव सुरेख उतरलं. शेवटच्या अक्षराची मात्रा देऊन तो मागे सरला.

"खाली अजून एक ओळ हवी," वहिनी म्हणाली. तिने कागदावर लिहून ठेवली होती. ती वाचून दाखवताना तिचा आवाज अगदी साधा होता, किराणा सांगताना असतो तसा. "'एकदा दार लावायला विसरला. माणूस चांगला होता.'"

रंगाऱ्याचा कुंचला भिंतीपाशी थांबला. त्यातून एक काळा थेंब ओघळून खाली गेला.

"वहिनी, ही ओळ नको."

"का? जागा पुरत नाही?"

"जागा आहे."

"मग? खोटं नको बाई मला. चौकशीत ठरलं ते ठरलं. नुसतं नाव लिहिलं तर बघणाऱ्याला वाटेल मी लपवतेय."

"विसरला नव्हता तो."

"भाऊजी, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगून बघितलं. मग सोडून दिलं."

रंगाऱ्याने कुंचला डबीवर आडवा ठेवला आणि स्टुलावर बसून दहावी तऱ्हा सांगितली, रबरावरच्या रंगापासून आणि खोट्या रेघेपासून. पाहणीपासून तीन आठवड्यांनी, समुद्र ताटासारखा सपाट, दुपारची जेवणं झालेली. पंपाच्या खोलीतला जुना नळ फुटला, तीस-चाळीस वर्षांचा. कडीबुवाने अकरावं दार लावलं. आठही कड्या आवळल्या. एकदा बघितल्या, दोनदा बघितल्या, तिसऱ्यांदा हात लावून बघितल्या. रंगारी शेजारीच उभा होता. मग खालच्या कोपऱ्यातून एक थेंब आला, मग धार आली, मग पंख्यासारखं पाणी. कडीबुवाने रबरावरून बोट फिरवलं. बोटाला लागलेल्या करड्या खपलीकडे बघितलं. मग रंगाऱ्याकडे.

"आणि?"

"म्हणाला, वर जा, गाद्या आण. दाराला लावू. मी दोन गाद्या घेऊन परत आलो, तोवर जिना पाण्यात गेला होता. दार शेवटी उखडलं असणार. मावशी कलली. हाका मारल्या मी. मग मला कुणीतरी ओढून होडीत घातलं."

"आणि चौकशीत?"

रंगाऱ्याने हाताची बोटं एकमेकांत अडकवली. चौकशीत वही निघाली होती. वहीप्रमाणे दारं सगळी उत्तम, खाली कडीबुवाची सही. दार उत्तम आणि तरी पाणी पलीकडे गेलं, तर दार उघडंच राहिलं असणार. साहेबांचं गणित बरोबर होतं. रंगाऱ्याला त्यांनी एकच विचारलं, दार बंद झालेलं तुम्ही पाहिलंत का? हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न रबरावर आला असता.

"मी म्हणालो, मी तिथं नव्हतो, साहेब."

वहिनी उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. वळली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, आजाऱ्याला बघायला गेल्यावर असतं तसं.

"तुमच्या नऊच्या नऊ गोष्टी मला सलूनवाल्याच्या बायकोकडून कळतात," ती म्हणाली. "मासा काय, सूप काय. ही दहावी. खास माझ्यासाठी रचलीत ना? सगळा दोष स्वतःवर घेऊन. फार चांगले आहात तुम्ही, भाऊजी. साखर एकच चमचा ना?"

रंगाऱ्याला आयुष्यात पुष्कळ जणांनी खोटारडा म्हटलं होतं, आणि तो दर वेळी खूश झाला होता. आज तिने चांगला म्हटलं, आणि तो स्टुलावरून उठून उभा राहिला. बारा वर्षं थापा मारून त्याने आपल्या तोंडाची अशी सोय करून ठेवली होती, की त्यातून खरं निघालं तरी लोकांनी टाळी द्यावी.

"वहिनी, घरात खडू आहे?"

खडू होता. कडीबुवाच्या सामानाचा डबा बंदरावरून घरी आला होता. त्यात कंगवा, दोन बटणं आणि खडूचे सहा तुकडे. तिने एक दिला. दिला म्हणजे, हातातून सोडायला जरा वेळ लावला.

रंगाऱ्याने फ्रीजची खुर्ची बाजूला केली. दार उघडलं. रबर जिथं टेकतं त्या कडेला सगळीकडून खडू फासला. दार लावलं, खांद्याने दाबून धरलं, आणि उघडलं.

"बघा."

वहिनी वाकली. करड्या रबरावर पांढरी रेघ वरून आली होती, मधे दोनदा तुटली होती, आणि खालच्या कोपऱ्यात चार बोटं नुसती कोरी जागा होती. त्याच्या खाली फडकं.

रंगाऱ्याने नखाने खरवडलं. रंगाची खपली उडाली. आत काळं रबर, भेगाळलेलं.

"हा रंग..." ती म्हणाली.

"मावशीचाच. त्याच आठवड्यातला, त्याच डब्यातला. जहाजावरचं तेवढं त्याच्या लक्षात आलं. ह्या दाराला खडू लावायचं कुणाच्या मनात आलं नाही."

तिने कोऱ्या चार बोटांच्या जागेवर आपली चार बोटं ठेवली. आधण उकळून कडेला यायला लागलं, ते रंगाऱ्यानेच उठून बंद केलं.

"तुम्हाला शिवी दिली नाही त्याने? बघितल्यावर?"

"नाही. गाद्या आण, एवढंच म्हणाला."

"त्याला यायच्याच नाहीत शिव्या. भाजीवाल्याशी भांडायचं असलं तरी मला पुढे करायचा." ती फ्रीजसमोर तशीच जमिनीवर बसली. "दहा वर्षं मी रोज त्याच्या फोटोशी भांडतेय, भाऊजी. घराचं कुलूप तीनदा बघणारा तू, आणि नेमका तिथंच कसा विसरलास म्हणून. नाही नाही ते बोलले. एकदा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला महिनाभर. ते आता परत कसं घ्यायचं, ते सांगा. तुमच्याकडे सगळ्यांची उत्तरं असतात."

आता ती शिवी देईल म्हणून रंगारी वाट बघत उभा राहिला. शिवी मिळाली असती तर निदान हातात काहीतरी पडलं असतं. तिने ती दिली नाही. खुर्ची ओढून पुन्हा फ्रीजच्या दाराला टेकवली, सवयीने, आणि म्हणाली, "ओळ लिहा. 'दार लावलेलं होतं.'"

त्याने लिहिलं. दोरा न धरता. बारा वर्षांत पहिल्यांदा ओळ जरा वाकडी गेली.

"पाटी रंगवली की रंगारी कोपऱ्यात सही करतो ना?"

"करतो."

"करा."

त्याने खाली, अगदी बारीक अक्षरांत, सही केली. वहिनीने वाकून वाचली आणि म्हणाली, "मोठी करा. मला चष्म्याशिवाय दिसली पाहिजे."

त्याने मोठी केली.

"उद्या दहाला बंदरावरची कचेरी उघडते," ती म्हणाली. "तिथं हे सगळं सांगायचं, लिहून द्यायचं. मी बरोबर येणार आहे. पण तुम्हाला खरं सांगायची सवय राहिलेली नाही. तिथं मधेच मासा घुसला तर माझी फजिती. तेव्हा आधी सलूनात सांगून बघू. चला."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघू?"

सलूनात पाच-सहा जण होते. वहिनी आत येऊन रिकाम्या खुर्चीवर आरशासमोर बसली, तेव्हा गिऱ्हाइकांनी आपोआप पाय जवळ घेतले. रंगारी उभाच राहिला. सलूनवाल्याने सवयीने वस्तरा हवेत धरला.

रंगाऱ्याने सांगितलं. रबर, रंग, चौदा दारं, राहिलेली तीन. पाण्याच्या पंख्यापर्यंत लोक हसायच्या तयारीत होते. मास्तरांनी पेपर खाली करून वाट बघितली. चौकशीतलं वाक्य आलं, आणि गोष्ट संपली.

"आणि मासा?" मास्तर म्हणाले.

"मासा नव्हता."

"मग तो बेटावर कसा गेला?"

"बेट नव्हतं, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला. सलूनवाल्याने वस्तरा चुकून न मिटताच खिशात ठेवला, पण त्याचंही कुणाला हसू आलं नाही. कोपऱ्यातला एक जण पुटपुटला, "आजची काही जमली नाही बुवा." आरशातून वहिनीने त्याच्याकडे बघितलं, तसा तो आपल्या चपला शोधायला लागला.

मग ती आरशातूनच रंगाऱ्याला म्हणाली, "खडूच्या रेघेपाशी तुमचा आवाज खाली जातो. कचेरीतले लोक लांब बसतात, त्यांना ऐकू जाणार नाही. पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

रंगाऱ्याने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.